पेठेच्या कोपऱ्याला पडवी हवी

कोकणातल्या जुन्या बाजारपेठांचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक हळहळीचा: कौलं गेली, जांभा गेला, सगळं काँक्रीट झालं. दुसरा सुटकेचा: वाळवी लागलेली गळकी घरं पडली, बरं झालं, आता गाडी लावायला जागा तरी मिळेल. दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट निसटते आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. नाक्यावरची इमारत कशाची बांधली आणि किती मजल्यांची बांधली, हे नंतर बघू. ती रस्त्याला काय देते, हे आधी विचारायला हवं. रस्त्यालगतचे पहिले सात-आठ फूट छपराखाली आहेत की उघड्यावर? जुलैच्या पावसात तिथे कुणालाही, काही विकत न घेता, उभं राहता येतं का? पेठ चालती राहणार की नुसती दुकानांची रांग उरणार, हे त्यावर ठरतं. म्हणून कोकणातल्या नगरपालिकांनी पेठेत नव्याने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक इमारतीला, निदान कोपऱ्यावरच्या इमारतीला तरी, रस्त्याच्या बाजूने पडवी बंधनकारक करावी, असं माझं मत आहे.

आमच्या पेठा आहेत तिथे का आहेत, हे आधी ध्यानात घेऊ. भरतीच्या पाण्यावर गलबतं आणि पडाव खाडीतून जिथवर येत, तिथे बंदर झालं. घाटावरून बैल जिथवर माल उतरवत, तिथे बाजार झाला. वाशिष्ठीवर गोवळकोटचं बंदर, वर कुंभार्ली घाट, मध्ये चिपळूण. अर्जुनेच्या काठी राजापूर, वर अणस्कुरा. सावित्रीच्या काठी महाड, वर वरंध. खारेपाटणचंही तसंच. भरती जिथे थांबते आणि डोंगराचं पाणी जिथे येऊन मिळतं, नेमक्या त्या ठिकाणी जुन्या लोकांनी दुकानं थाटली, कारण धंदा तिथेच होता. पूर येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बंदराची वाट आणि घाटाची वाट मिळते तो नाका, आणि नाक्यावरचा कोपरा सगळ्यांत मोक्याचा, कारण दोन्ही वाटांवरचं गिऱ्हाईक त्याच्या नजरेच्या टप्प्यात येई.

त्या कोपऱ्यावरची जुनी इमारत अजून कुठे उभी असेल तर जवळ जाऊन बघा. खाली जांभ्याचं जोतं, गुडघ्याच्या वर, कुठे कुठे कंबरेएवढं. त्यावर पडवी, आणि पडवीच्या कडेला लाकडी खांबांची रांग. आतल्या दुकानाला दर्शनी भिंत नसतेच. खाली-वर खाचा असलेल्या चौकटीत उभ्या फळ्या सरकवलेल्या असतात. प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला किंवा रंगवलेला, कारण एक जरी फळी इकडची तिकडे झाली तरी शेवटची बसत नाही. सकाळी फळ्या काढून आत उभ्या केल्या की दुकान आणि पडवी एक होतात. वर माडी, माडीवर मालकाचं बिऱ्हाड, गजांच्या खिडक्या. कोपऱ्यावर आलं की छप्पर कोनवाशावर, म्हणजे कोपऱ्यातल्या तिरक्या वाशावर, वळतं आणि दोन्ही रस्त्यांवर सारख्याच उंचीने वळचण उतरते. ही वळचण चांगली लांब असते. पागोळ्या जोत्याच्या पलीकडे, गटारात पडतात.

हे सगळं हौसेने केलेलं नव्हतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, पण तो सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या मुलखात उघडी जांभ्याची भिंत ओल धरणारच. म्हणून वळचण लांब घ्यावी लागे, आणि ती लांब घ्यायची तर खाली खांब लागत. भिंत वाचवण्यासाठी घेतलेल्या त्या छपराखाली माणसंही भिजायची वाचत. कौलं आधी कुंभाराच्या हातची नळीची होती. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे चपटी मंगळुरी कौलं समुद्रमार्गे किनारा धरून वर आली. म्हणजे ज्याला आपण आज अस्सल कोकणी छप्पर म्हणतो, तेही एका काळी बाहेरून आलेला नवा माल होतं. पेठेने तो घेतला, छपराची वळचण मात्र सोडली नाही. नवं घेण्याला माझा विरोध नाही, तो याच कारणाने.

त्या पडवीचा उपयोग कोण करत असे? ज्येष्ठ-आषाढात आसपासच्या वाड्यांवरून बायका टाकळा, भारंगी, कुर्डूच्या जुड्या घेऊन येत आणि दुकानाच्या पडवीच्या कडेला टोपली ठेवत. भाद्रपदात त्याच जागी गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान, काकड्या, अळूची पानं. एसटी चुकलेला माणूस, दवाखान्याची वेळ होण्याची वाट बघणारी म्हातारी, दप्तर डोक्यावर धरून पळत आलेली पोरं, सगळी तिथेच टेकत. दुकानदार क्वचित कुरकुर करी, पण उठवत नसे, कारण पडवीत माणसं असली की दुकानातही माणसं येत.

अर्थात सगळ्यांनाच ती पडवी मोकळी होती, असं मी म्हणणार नाही. कुणी पायरी चढायची आणि कुणी खाली उभं राहून माल मागायचा, हे जातीने ठरत असे, आणि ते विसरून जुन्या पेठेचे गोडवे गाणं मला मान्य नाही. याच पेठांपैकी एक महाड आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळातल्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात पाणी घेऊ दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांना त्या तळ्यावर चालत जावं लागलं. त्या लढ्याच्या पंक्तीत पडवीचा प्रश्न बसवण्याचा माझा इरादा नाही. पण त्या इतिहासातून एक गोष्ट मी घेतो: गावातली सार्वजनिक जागा कुणाच्या मेहेरबानीवर असू नये. म्हणून मला जुनी, मालकाच्या मर्जीवरची पडवी परत नको आहे. नियमाने मिळालेली, सगळ्यांची पडवी हवी आहे.

ती गेली कशी, याचं उत्तर नुसतं ‘लोकांची आवड बदलली’ असं नाही. १९४८ साली एसटी सुरू झाली आणि पुढे रस्ते जसे होत गेले तशी बंदराची वाट ओस पडली. पेठेचं तोंड स्टँडकडे वळलं. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर घरं चालली, पण पेठेतल्या इमारती दुरुस्त करण्याइतका पैसा कुणाकडे राहिला नाही. त्यात १९४७ चा भाडे कायदा. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भाडं वर्षानुवर्षं गोठलेलं, मालक तीन-चार भावांत विभागलेला, त्यातले दोघे डोंबिवलीला, आणि वासे बदलायला लागणारी रक्कम वर्षभराच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त. अशा वेळी कौलं शाकारायला कुणी पुढे येत नाही. एक कौल फुटतं, रीप कुजते, मग वासा, मग खांब. जुनी इमारत आवडत नाही म्हणून पाडली, असं फार कमी वेळा झालं. ती पडेपर्यंत सगळे थांबले, हे बहुतेक वेळा झालं.

१९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीला वाट दिली. पण त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिचा पेठेच्या चेहऱ्यावर झालेला परिणाम मला मोठा वाटतो: बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचं संरक्षण नाही. मालकाच्या दृष्टीने हा सोन्यासारखा भाडेकरू, बाजारभावाने भाडं देणारा आणि मुदत संपली की जाणारा. मग नाक्यावरची नवी इमारत कुणाला नजरेसमोर ठेवून बांधली जाणार? बँकेची शाखा, एटीएम, मोबाइलचं शोरूम. त्यांना काच हवी, वातानुकूलन हवं, रस्त्याच्या रेषेपर्यंत पाटी हवी. पडवी त्यांच्या हिशेबात बसत नाही. आज अनेक नाक्यांवर कोपऱ्याला एटीएमचा काचेचा दरवाजा आणि त्याच्या माथ्यावर ठिबकणारं एसीचं यंत्र दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

मधल्या काळातली, साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकांतली इमारत मात्र मला अजून समजूतदार वाटते. जांभ्याच्याच भिंती, वर स्लॅब, पण दुकानावर तीन फुटांचा छज्जा, खाली दोन पायऱ्या, मोझेकची फरशी. फार देखणी नाही, पण पावसाची आठवण असलेली. नंतर छज्जाही आखडला. दर्शनी बाजू सपाट झाली, तिच्यावर रंगीत पत्र्याचं आवरण चढलं, आणि दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळाचे काळे ओघळ आले. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. जुनं घर शंभर वर्षं टिकलं आणि नवी इमारत पस्तिशीतच धोकादायक ठरली, अशी उदाहरणं पेठेत शोधावी लागत नाहीत.

आणि मग गच्चीवरचा पत्रा. कोकणातल्या कुठल्याही पेठेत उंचावरून बघा. जवळजवळ प्रत्येक सपाट स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि निळी-लाल पत्र्याची उतरती शेड आहे. स्लॅब गळते म्हणून ती घातली. म्हणजे आधी उतरतं छप्पर काढलं, सपाट स्लॅबला पैसे घातले, आणि गळती लागल्यावर पुन्हा उतरत्या छपराला पैसे घातले. पावसाने आपलं म्हणणं खरं केलं, पण अर्धंच, कारण ही शेड फक्त मालकाच्या स्लॅबला वाचवते. तिचं पाणी पाइपातून थेट फुटपाथवर सोडलेलं असतं. खाली चालणारा माणूस आभाळातल्या पावसानेही भिजतो आणि शेडच्या पाण्यानेही. टाकळ्याची जुडी विकणारी बाई आता गटारावरच्या लादीवर बसते, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन. गिऱ्हाईक दुचाकीवरून न उतरताच भाव विचारतं, कारण उतरून उभं राहायला जागा नाही.

व्यापाऱ्यांशी बोललं की ते चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. “अहो, आठ फूट सोडायचे म्हणजे माझं अर्धं दुकान गेलं. वीस फुटांचा गाळा आहे माझा.” हा आक्षेप खरा आहे. पेठेतले भूखंड अरुंद आणि खोल असतात, आणि दर्शनी जागेचा एकेक फूट पैशांत मोजला जातो. म्हणून नुसती सक्ती नको, तिच्या जोडीला मोबदला हवा. तळमजल्यावर पडवीसाठी जितकं क्षेत्र सोडलं, तितकं चटईक्षेत्र वर वापरायला द्या, आणि पडवीचं स्वतःचं क्षेत्र हिशेबात धरू नका. पडवीच्या वरचा मजला रस्त्याच्या रेषेपर्यंत येऊ द्या. तिथे मालकाचं काहीच जात नाही, उलट माडी रुंद मिळते. जुन्या पेठेत बऱ्याच ठिकाणी हीच रचना होती. मुंबईत तर हे नियमानेच झालं: फोर्टातल्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, १८९६ च्या नियमाने प्रत्येक इमारतीला रस्त्यालगत कमानींची पडवी ठेवणं सक्तीचं झालं. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या शैलीच्या, पण खालून चालणारा माणूस आजही पावसात एका कमानीखालून दुसऱ्या कमानीखाली जातो. खाली पणजीतही मध्यवर्ती भागातल्या कित्येक व्यापारी इमारतींखालून असं छताखालून चालता येतं. पाऊस त्यांच्याकडेही आमच्यासारखाच पडतो.

दुसरा आक्षेप अतिक्रमणाचा. पडवी ठेवली की दुकानदार फ्रीज बाहेर काढणार, पुढे ग्रिल लावणार, दोन वर्षांत ती दुकानात जाणार. हेही खरं आहे, घडलेलं आहे, आणि नगरपालिकांनी डोळेझाक केल्यामुळेच घडलं आहे. उपाय सोपा नाही, पण अशक्यही नाही. भोगवटा प्रमाणपत्र देताना पडवीवर सार्वजनिक वहिवाटीचा हक्क नोंदवून घ्यायचा. तो मालमत्ता पत्रकात चढला की पुढच्या खरेदीखतात, पुढच्या कर्जाच्या कागदात तो येतच राहतो. तोंडी शिस्तीपेक्षा कागदावरची नोंद कोकणात जास्त टिकते. जमिनीच्या वादांत जन्म गेलेल्या आमच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यांत जास्त पटणारं कारण पुराचं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजले बुडाले. २६ जुलै २००५ ला आलेला पूर लोक विसरले नव्हते, तरीही. १८६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात दोन्ही वेळा पाणी शिरून ग्रंथ भिजले. वरचे मजले होते म्हणून माणसं वर जाऊ शकली, आणि ते मजले काँक्रीटच्या इमारतींनी दिले, हे मान्यच करायला हवं. कौलांकडे सरसकट परत चला, असं म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीची आठवण ठेवावी. राजापूरच्या जवाहर चौकात तर अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवळजवळ दर पावसाळ्यात येतं. तिथल्या दुकानदारांना माल वर चढवायची सवयच झाली आहे.

पुरानंतर जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल रेषांवरून चिपळुणात मोठं वादळ उठलं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, पुढे लाल रेषेपर्यंत अटींवर. जुनी पेठच्या पेठ रेषांच्या आत गेली तर माणसांनी जायचं कुठे, हा व्यापाऱ्यांचा सवाल रास्त आहे. पेठ उठवणं कुणालाच शक्य नाही. पण जिथे पुनर्बांधणीला परवानगी मिळेल तिथे दुकानाचं जोतं पुराच्या पातळीच्या वर घ्यावं लागणार, म्हणजे खालचा मजला खांबांवर मोकळा राहणार. त्या मोकळ्या तळमजल्याचं काय करायचं, हा आज कुणी नीट न विचारलेला प्रश्न आहे. आजच्या पद्धतीने गेलो तर तिथे गाड्या उभ्या राहतील, पुढे लोखंडी फाटक लागेल, आणि नाका संध्याकाळी सातला अंधारा होईल. पेठ वर चढेल आणि रस्ता मरेल.

त्याऐवजी त्या खांबांमधली रस्त्यालगतची पहिली रांग पडवी म्हणून राखा. गाड्या मागे जाऊ द्यात. पुढच्या आठ फुटांत कट्टा, फळीवाल्या हलक्या टपऱ्या, भाजीवाल्या, फुलवाल्या. पुराचा इशारा आला की तासाभरात उचलता येईल एवढंच सामान तिथे असावं. पाणी येईल, खांबांमधून जाईल, उतरेल, चिखल धुवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार भरेल. वर, जोत्याच्या पातळीला, पक्की दुकानं. कोपऱ्यावरून रुंद पायऱ्या आणि म्हाताऱ्यांसाठी उतार. पुराला जागा द्यायची आणि माणसालाही द्यायची, ही दोन कामं या एकाच पट्ट्यात होतात. वेगळा निधी नको, वेगळी योजना नको. बांधकामाचा नकाशा मंजूर करताना फक्त तेवढी एक ओळ हवी.

कोपऱ्यासाठी मी आणखी एक अट घालीन. चौकातल्या इमारतीचा कोपरा काटकोनात आणायचा नाही, तो तिरका कापायचा, निदान तळमजल्यावर. वळणारी एसटी, रिक्षा, रस्ता ओलांडणारं पोर, सगळ्यांना समोरचं दिसतं. आणि दोन्ही रस्त्यांवरच्या पडव्या कोपऱ्यावर एकमेकींना मिळाल्या पाहिजेत. मध्ये पायरी नको, जाहिरातीचा खांब नको, जनरेटर नको. जुना कोनवासा छपराला वळवून नेत असे, तसं आता माणसाला वळवून नेणारं छत हवं. ते काँक्रीटचं असो, पत्र्याचं असो, कौलांचं असो, मला चालेल. उतरतं असावं आणि त्याचं पाणी पन्हळीतून गटारात जावं, एवढाच माझा आग्रह आहे.

महामार्ग रुंद झाला, धंदा बायपासला निघाला, आता जुन्या पेठेत कोण येणार, असं म्हणणारेही आहेत. महामार्गावर गाडी थांबते, तिथे जेवण मिळतं, पेट्रोल मिळतं. पण ज्याच्याकडे गाडी नाही तो, जी आठवड्यातून एकदा एसटीने बाजाराला येते ती, ज्याला सरकारी कचेरीत कागद घेऊन तासभर थांबायचं आहे तो, हे सगळे पेठेतच येतात आणि येत राहतील. पेठेचा कोपरा त्यांच्यासाठी बांधायचा की गाडी घेऊन येणाऱ्यासाठी, हे नगरपालिकेला ठरवावंच लागेल.

सुरुवात खासगी मालकांपासून करू नये. बहुतेक नगरपालिकांची स्वतःची व्यापारी संकुलं पेठेत आहेत, त्यातली काही अगदी नाक्यावर, आणि त्यांतली कित्येक जुनी झाली आहेत. त्यांचे गाळे शटरसकट रस्त्याला भिडलेले आहेत. यातलं पुढचं जे संकुल पाडून नव्याने बांधलं जाईल, त्याला आधी पडवी द्या: आठ फूट खोल, दहा फूट उंच, शेजारच्या इमारतीच्या पातळीशी जुळणारी, रात्री दिवा असलेली. गाळ्यांच्या लिलावाच्या अटींतच लिहा की शटरच्या पुढे सामान मांडलं तर करार रद्द. एक पावसाळा लोकांना त्याखालून चालू द्या, मगच शेजारच्या मालकाला नोटीस काढा.